जुनं फेवर-लुबा सी चीफ: अस्सल की रंगवलेलं? आणि ही कंपनी एवढी वाढून गेली कुठे?

गोदाकाठ_११

नमस्कार मंडळी. घरात आजोबांचं चावीचं फेवर-लुबा आहे. डायलवर वर ‘फेवर-लुबा जिनीव्ह’, खाली ‘सी चीफ’. डायल पांढरं शुभ्र, काटे चांदीच्या रंगाचे, सेकंदकाटा मधोमध. मागच्या झाकणावर ‘स्टेनलेस स्टील बॅक’ असं कोरलंय. पट्टा अडकतो त्या शिंगांवर चकाकी उडून खाली पिवळं दिसतं.

पूर्ण चावी दिली तरी चौदा-पंधरा तासांत थांबतं, आणि चालतं तेव्हा दिवसाला बारा मिनिटं पुढे पळतं. मेन रोडला एका ठिकाणी दाखवलं तर म्हणाले, “डायल नवीन मारून देतो, केसला पॉलिश, आतून ऑइलिंग, संध्याकाळी घेऊन जा.”

तर विचारायचंय असं, की अस्सल आहे का ते घरबसल्या कसं ओळखावं? डायल-पॉलिशचं काम करून घ्यावं का? आणि एके काळी दर दुसऱ्या मनगटावर दिसणारी ही कंपनी रोलेक्ससारखी वाढत का गेली नाही? आता पुन्हा नवी फेवर-लुबा विकायला आलीत म्हणतात, ती हीच कंपनी का?

सतरा_ज्वेल

डायलला हात लावू देऊ नका. जुन्या घड्याळाच्या किमतीतला मोठा वाटा डायलचा असतो आणि ते एकदा खरवडलं की संपलं. डागाळलेलं, कडेनं पिवळट झालेलं मूळ डायल शुभ्र रंगवलेल्यापेक्षा केव्हाही वरचढ. तुमचं वर्णन वाचून मात्र वाटतं, हे काम कुणीतरी आधीच उरकलंय. पन्नास-साठ वर्षांचं डायल इतकं शुभ्र राहत नाही.

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि दिवसाउजेडी बघा. सगळ्यात आधी सहाच्या आकड्याखाली, अगदी कडेला ‘स्विस’ किंवा ‘टी स्विस टी’ असं बारीक अक्षर आहे का? टी म्हणजे ट्रिटियम, काट्यांवरच्या चमकणाऱ्या लेपातलं. रंगवणारा हे अक्षर हमखास विसरतो, किंवा डायलच्या आत इतकं वर छापतो की ते लगेच डोळ्यात भरतं. मग मिनिटांच्या रेघा बघा. बसवलेल्या धातूच्या खुणेच्या बरोबर मध्यावर रेघ आली पाहिजे. बारा वाजता बरोबर आणि चार वाजता अर्धा मिलिमीटर सरकलेली असेल तर छपाई नंतरची. अक्षरांचे काठ फुगीर, शाई पसरल्यासारखे असतील तरी तेच. काच काढली तर डायलच्या कडेला, बहुधा तीनजवळ, कानशीनं मारलेली छोटी खाच शोधा. छपाईच्या साच्यात डायल सरळ बसावं म्हणून रंगवणारे ती मारतात.

आता ‘स्टेनलेस स्टील बॅक’. याचा अर्थ फक्त झाकण स्टीलचं. पुढची केस पितळेच्या जातीच्या धातूची, वर क्रोमचा मुलामा. शिंगांवर पिवळं दिसतंय ते हेच पितळ. अशी केस बफच्या चाकावर धरली तर उरलेला मुलामाही जातो, वर शिंगांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल होतात. मग “परत क्रोम करून देतो” हे ओघानं आलंच. पॉलिश करायचंच तर काचेला करा. काच ॲक्रिलिकची असणार. ओरखडे नखाला लागत नसतील तर मऊ कापडावर थोडं ब्रासो घेऊन दहा मिनिटं घासलं की निघतात. खोल असतील तर काच बदलून घ्या, ती मिळते.

डायलनंतर मशीन. झाकणाच्या कडेला नखाएवढी फट असेल तर ते दाबून बसवलेलं आहे, घड्याळवाला सुरीनं उघडेल. कडेला खाचा असतील तर आट्यांचं, त्याला पाना लागतो. घरी भाजीच्या सुरीनं प्रयत्न करू नका, सुरी सटकली की थेट बॅलन्स व्हीलमध्ये, म्हणजे वेळ ठरवणाऱ्या झुलत्या चाकात जाते. आत ब्रिजवर (चाकांना वरून धरणारी पट्टी) फेवर-लुबाचं नाव, ‘स्विस’ आणि ज्वेल्सची, म्हणजे चाकांची टोकं ज्यात फिरतात त्या खड्यांची, संख्या कोरलेली हवी. आपल्याकडच्या जुळवाजुळवीच्या घड्याळांत एचएमटीचं मशीन घालून वर फेवर-लुबाचं डायल बसवलेलं सर्रास आढळतं. तसं असेल तर डायलचे पाय बघायला सांगा. डायलच्या पाठीमागे दोन बारीक पाय असतात, ते मशीनच्या भोकांत जातात आणि बाजूच्या स्क्रूनं आवळले जातात. दुसऱ्या मशीनवर ती भोकं जुळत नाहीत, म्हणून पाय कापून डायल डिंकानं किंवा दुतर्फी टेपनं चिकटवतात. पाय कापलेलं डायल म्हणजे तिथेच निकाल लागला.

तबकडी_वाचक

कंपनीबद्दल मी लिहितो, घड्याळाचं वरच्या मंडळींवर सोपवतो.

फेवर-लुबाची सुरुवात १७३७ ची धरतात. स्वित्झर्लंडच्या ल लोक्ल गावात अब्राहम फाव्र याची घड्याळजी म्हणून त्या वर्षी नोंद आहे. जुनेपणात ब्लांपां १७३५ सांगते, म्हणून ही दुसरी. पण “सर्वांत जुनी” या शब्दावर फार जाऊ नका, कारण मध्ये खंड न पडता चालू राहिलेली म्हणून १७५५ ची व्हॅशरों कॉन्स्टंटिन आपला दावा सांगते, आणि फेवर-लुबात खंड चांगलाच पडला. लुबा हे नाव एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला भागीदारीतून जोडलं गेलं. उच्चार फ्रेंचमध्ये फाव्र-लोबाच्या जवळचा आहे, पण आपल्या बाजारात फेवर-लुबाच रूढ आहे.

वाढीचं खरं पाऊल १८६५ चं. फ्रित्झ फाव्र भारतात आला, मुंबईत पेढी उभी राहिली. इतर स्विस कंपन्या भारताला लांबचं गिऱ्हाईक समजत होत्या तेव्हा यांनी इथे बस्तान बसवलं. म्हणूनच आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत हे नाव घरगुती झालं.

दुसरं पाऊल म्हणजे स्वतःचं मशीन. बऱ्याच स्विस कंपन्या तयार मशीन विकत घेऊन वर आपलं नाव घालत. फेवर-लुबानं १९५० च्या दशकात आपली कॅलिबर (मशीनचे नमुने) काढली आणि पुढे दोन बॅरलवाली मशीनं केली. बॅरल म्हणजे मेनस्प्रिंगचा, चावी दिली की गुंडाळली जाणाऱ्या मुख्य स्प्रिंगचा, डबा. एकाच्या जागी दोन छोटे डबे ठेवले की मशीन पातळ ठेवूनही साठा वाढतो. १९६२ च्या एफएल २५१ ची जाडी २.९५ मिलिमीटर आणि चाल ५० तासांची. चावीच्या घड्याळाला त्या काळी हे फार चांगलं होतं. त्याच वर्षी बिव्हॉक आलं, हवेच्या दाबावरून उंची दाखवणारं पहिलं यांत्रिक मनगटी घड्याळ, ३००० मीटरपर्यंत. १९६४ मध्ये २०० मीटर पाण्यात टिकणारं डीप ब्लू, १९६८ मध्ये पाण्याची खोली मोजणारं बाथी. सहा वर्षांत इतकं काढणारी कंपनी मागासलेली नव्हती, हे लक्षात घ्या.

मग बिघडलं कुठे? दोन्हीकडून एकदम. भारतात परकीय चलनाची टंचाई होती, त्यामुळे परदेशी घड्याळांच्या आयातीवर बंधनं आली. १९६१ पासून एचएमटीनं सिटिझनच्या मदतीनं बंगळूरला घड्याळं करायला घेतली. म्हणजे ज्या बाजारावर फेवर-लुबा वाढली, त्याचंच दार अर्धं मिटलं. तिकडे सेइकोनं २५ डिसेंबर १९६९ ला क्वार्ट्‌झचं मनगटी घड्याळ (बॅटरीवर चालणारं) विक्रीला आणलं. १९७० च्या सुमारास स्विस घड्याळधंद्यात ९०,००० च्या आसपास माणसं होती, ऐंशीच्या दशकाच्या मध्याला ती ३०,००० च्या घरात आली. फाव्र कुटुंबानं १९८५ मध्ये कंपनी विकली. त्यानंतर नाव हातोहात फिरत राहिलं.

रोलेक्सशी तुलना करायची तर फरक मालकीचा आहे. रोलेक्सलाही क्वार्ट्‌झचा फटका होताच, त्यांनीही १९७७ मध्ये ऑयस्टरक्वार्ट्‌झ काढलं. पण संस्थापक हान्स विल्सडॉर्फ १९६० मध्ये वारला तेव्हा कंपनी त्यानं १९४५ मध्ये स्थापलेल्या न्यासाकडे गेली. विकायला वारस नाही, नफा वाटून मागणारे भागधारक नाहीत. त्यामुळे वाईट दहा वर्षं त्यांना काढता आली. मॉडेलंही तीच चालू ठेवली, ऑयस्टर केस १९२६ ची, डेटजस्ट १९४५ चं, सबमरिनर १९५३ चं. आजचं सबमरिनर बघून सत्तर वर्षांपूर्वीचं ओळखता येतं. शिवाय त्यांना मशीन पुरवणारा बिएन गावचा जुना कारखाना २००४ मध्ये त्यांनी विकतच घेतला. फेवर-लुबाकडे यंत्रज्ञान कमी नव्हतं, पण मालक बदलला की मॉडेल बदलायचं आणि मॉडेल बदललं की सुटे भाग बंद व्हायचे. मूळ प्रश्नकर्त्याची आजची अडचण इथूनच आली आहे.

नव्याबद्दल: २०११ मध्ये टायटननं हे नाव घेतलं, २०१७ मध्ये ९००० मीटरपर्यंत उंची दाखवणारं बिव्हॉक ९००० काढलं. २०२३ मध्ये ते घड्याळं विकणाऱ्या भारतीय इथॉसच्या स्वित्झर्लंडमधल्या कंपनीकडे गेलं आणि २०२४ मध्ये जिनीव्हात चीफ, डीप ब्लू वगैरे मालिका नव्यानं आल्या. मालकी भारतीय असली तरी घड्याळ स्विसच ठरतं, कारण ‘स्विस मेड’ला मालकाचा पत्ता चालत नाही. २०१७ पासूनच्या नियमानं उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमधला, मशीन स्विस, आणि केसमध्ये बसवण्याचं नि शेवटच्या तपासणीचं काम तिथेच झालेलं असावं लागतं. मात्र नव्याचे भाग जुन्याला लागत नाहीत. शोरूममध्ये आजोबांचं घड्याळ नेऊन उपयोग नाही.

गोदाकाठ_११

खूप आभार. काल दुसऱ्या एका घड्याळवाल्या काकांकडून झाकण उघडून घेतलं. ब्रिजवर फेवर-लुबा, स्विस, १७ ज्वेल्स असं स्पष्ट आहे. डायलवर मात्र ‘स्विस’ कुठेच नाही, आणि पाच-सातच्या रेघा सरकलेल्या आहेत. म्हणजे मशीन खरं, डायल रंगवलेलं. काका म्हणाले, रेग्युलेटर (घड्याळाचा वेग कमी-जास्त करायचा आतला काटा) थोडा मागे सरकवतो, बारा मिनिटांचं काम होऊन जाईल. सरकवू द्यावा का?

तेलाचा_थेंब

नको. रेग्युलेटर दिवसाला अर्ध्या-एक मिनिटाची दुरुस्ती करण्यासाठी असतो. बारा मिनिटं त्यानं ओढून आणली तर मूळ कारण तसंच राहतं, आणि पुढे ते कारण कुणी दूर केलं की घड्याळ तितकंच मागे पडेल.

अचानक पुढे पळण्याची कारणं मोजकी. पहिलं आणि सगळ्यात जास्त आढळणारं म्हणजे चुंबक. हेअरस्प्रिंगचे, म्हणजे बॅलन्सला झुलवणाऱ्या बारीक स्प्रिंगचे, वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि बॅलन्स भरभर फिरतो. घरी तपासायचं तर साधं सुईचं होकायंत्र टेबलावर ठेवा, सुई थांबू द्या आणि घड्याळ हळूहळू जवळ न्या. सुई ठळक वळली तर चुंबक लागलाय. मोबाइलमधलं होकायंत्र यासाठी वापरू नका, घड्याळाला मोबाइलच्या चुंबकाजवळ नेणं म्हणजे उलटा उपाय. चुंबक उतरवायला डीमॅग्नेटायझर लागतो. काम काही सेकंदांचं. घड्याळ यंत्रावर ठेवून बटण दाबायचं आणि बटण दाबलेलं असतानाच हात सरळ वर अर्धा मीटर न्यायचा, मग सोडायचं. जवळ असतानाच बटण सोडलं तर उलट आणखी चुंबक बसतो.

दुसरं, हेअरस्प्रिंगवर तेल. “ऑइलिंग केलं” म्हणत घरगुती मशीनचं तेल टाकलेली घड्याळं किती असतात विचारू नका. ते पसरतं, वेढे चिकटतात, परिणाम चुंबकासारखाच. यावर स्वच्छ धुण्याशिवाय इलाज नाही.

तिसरं, चुकीची मेनस्प्रिंग. मूळ मिळाली नाही म्हणून जाड घातली तर बॅलन्स इतका जोरात झुलतो की त्यावरची इम्पल्स पिन पॅलेट फोर्कवर (बॅलन्सला ढकलणारा दुफाटा तुकडा) मागून आपटते. घोडा दौडल्यासारखा आवाज येतो आणि घड्याळ सुसाट पळतं. पण तुमचं चौदा तासांत थांबतंय, म्हणजे स्प्रिंग जाड नसून मेलेली असणार. जुनी निळ्या स्टीलची स्प्रिंग डब्यात गुंडाळून गुंडाळून तशीच वळलेली राहते. बाहेर काढली की ती उलट्या एस आकारात उघडली पाहिजे. घट्ट भोवऱ्यासारखीच पडून राहिली तर बदला.

नवी मागवताना “फेवर-लुबाची स्प्रिंग द्या” म्हणू नका. जुनीची उंची आणि जाडी मायक्रोमीटरनं शंभराव्या मिलिमीटरपर्यंत मोजा, लांबी आणि डब्याचा आतला व्यास घ्या आणि त्या मापाची मिश्रधातूची मागवा. जाडीतला दोन-तीन शतांशांचा फरक इथे खूप होतो. बॅलन्सच्या खाली कॅलिबर नंबर कोरलेला असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. दोन बॅरलचं निघालं तर दोन्ही स्प्रिंगा एकदमच बदलायच्या.

पूर्ण सर्व्हिसिंग म्हणजे आधी स्प्रिंगमधला ताण सोडायचा, मग मशीन शेवटच्या स्क्रूपर्यंत खोलायचं. ताण न सोडता पॅलेट ब्रिज काढला की चाकं गरगरतात आणि पिव्हट, म्हणजे त्यांच्या दांड्यांची बारीक टोकं, मोडतात. धुताना पॅलेट फोर्क अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवायचा नाही. त्याचे माणकाचे खडे शेलॅकनं म्हणजे लाखेनं चिकटवलेले असतात, अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. तेल एका जातीचं चालत नाही. बॅलन्स आणि वेगवान चाकांना पातळ, ९०१० क्रमांकाच्या तेलासारखं. बॅरल-सेंटर व्हीलला दाट, एचपी १३०० सारखं. पॅलेटच्या खड्यांना ९४१५. चावीच्या सरकत्या भागांना ग्रीस. पॅलेटच्या पिव्हटांना आपल्याकडच्या नेहमीच्या पद्धतीत तेल नाहीच. आणि थेंब म्हणजे ज्वेलची वाटी अर्धी-पाऊण भरेल एवढाच. काठोकाठ भरला की तेल पिव्हटपासून ओढलं जाऊन प्लेटवर पसरतं आणि पिव्हट कोरडा राहतो.

परत घेताना टाइमग्राफरवरचा (टिकटिक ऐकून चाल मोजणारं यंत्र) आकडा मागा. मशीन तासाला १८,००० ठोक्यांचं असेल, म्हणजे सेकंदाला पाच. पूर्ण चावीवर, डायल वर ठेवून, बॅलन्सचा झोका २६० ते ३०० अंश हवा. २२० च्या खाली असेल तर काहीतरी राहिलंय. बीट एरर, म्हणजे टिक आणि टॉकमधल्या वेळेचा फरक, एक मिलिसेकंदाच्या आत. या वयाच्या मशीनला दिवसाला पंधरा-वीस सेकंदांचा फरक ठीक, चाल ३६ तासांच्या पुढे. हे काम संध्याकाळपर्यंत होत नाही. धुऊन, जोडून, सगळ्या बाजूंवर ठेवून बघायलाच तीन-चार दिवस जातात.

शालिमार_चौक

सगळं मान्य, पण डायल आधीच रंगवलेलं आहे ना? मग ते परत नीट रंगवून घेतलं तर काय बिघडलं? विकायचं नाही, वापरायचंय. चांगलं दिसावं एवढंच.

सतरा_ज्वेल

वापरायचं असेल तर तुमचा मुद्दा रास्त आहे, पण दोन अडचणी. एक म्हणजे आत्ताच्या रंगाखाली मूळ छपाई बहुतेक खरवडून गेलेली, त्यामुळे नवा रंग म्हणजे दुसऱ्या नकलेची तिसरी नक्कल. दुसरी जास्त महत्त्वाची. खुणांवर किंवा काट्यांवर जुना चमकणारा लेप उरला असेल आणि तो १९६० च्या आधीचा असेल तर त्यात रेडियम असू शकतं. त्याचं अर्धायुष्य १६०० वर्षं. अंधारात चमकत नाही म्हणून ते संपलं असं नाही, चमकणारी पूड थकते, रेडियम तसंच राहतं. ते सुरीनं खरवडलं की धूळ श्वासात जाते. ट्रिटियमचं अर्धायुष्य १२ वर्षांच्या थोडं वर, तिथे भीती फार कमी. त्यामुळे आहे तेच ठेवा. त्याच कॅलिबरचं, बंद पडलेलं पण मूळ डायलचं दुसरं घड्याळ बुधवारच्या बाजारात किंवा मुंबईला चोर बाजारात मटन स्ट्रीटवर दिसलं तर तेव्हा डायल बदला. पाय जुळतील.

कळसूबाई_१६४६

बिव्हॉकचा विषय निघालाय म्हणून थोडं विषयांतर. जुनं बिव्हॉक कुणाला मिळालंच तर नाशकातच त्याची परीक्षा होते. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर. निघताना उंचीची रिंग तिथे लावायची आणि कळसूबाईच्या माथ्यावर १६४६ येतात का बघायचं. या उंचीवर एक हेक्टोपास्कल म्हणजे जवळपास नऊ मीटर. पण हे घड्याळ मोजतं हवेचा दाब, उंची नाही. आपल्याकडे जानेवारीपेक्षा जुलैत दाब दहा-एक हेक्टोपास्कलनं कमी असतो. हिवाळ्यात लावलेली रिंग पावसाळ्यात तशीच ठेवली तर घरी बसल्या बसल्या नव्वद मीटर चढून जाल! एका दिवसाच्या ट्रेकमध्येही पायथ्याशी पुन्हा लावून घ्यायची. हवेच्या दाबानं फुगणारा-आकसणारा आतला डबा भोक पडून निकामी झाला असेल तर काटा हलतच नाही, आणि तो डबा आज मिळणं जवळजवळ अशक्य. वेळ बरोबर दाखवतंय एवढ्यावर विकत घेऊ नका.

गोदाकाठ_११

होकायंत्र आणून बघितलं. सुई चांगली चाळीसेक अंश वळली. काकांकडे डीमॅग्नेटायझर आहे, त्यांनी लगेच फिरवला. आता दिवसाला दोन मिनिटं पुढे जातंय. चाल तेवढीच, चौदा तास.

तेलाचा_थेंब

म्हणजे दहा मिनिटं चुंबकाची होती. उरलेली दोन बहुधा सुस्त झोक्याची किंवा मागच्या कुणीतरी सरकवलेल्या रेग्युलेटरची. तो आत्ता हलवू नका, स्प्रिंग बदलून धुतल्यावर बघा. स्विस मशीनवर ए म्हणजे पुढे, आर म्हणजे मागे.

काकांना काम देणार असाल तर पावतीवर कॅलिबर नंबर, ब्रिजवरची अक्षरं आणि “डायल, काटे, केस यांना हात लावायचा नाही” एवढं लिहून घ्या. जुनी स्प्रिंग परत मागा. आणि पावसाळ्यात हातात घालायचं तर चावीचं आणि झाकणाचं रबर दोन्ही नवं टाकून घ्या. सी चीफ नाव असलं तरी जुनं रबर दगड झालेलं असतं, नळाखाली हात धुतले तरी काचेखाली वाफ धरते. वाफ दिसली तर चावी बाहेर ओढून ठेवून बसू नका, त्याच दिवशी उघडून वाळवून घ्या. दोन दिवसांत चावीचा दांडा गंजायला लागतो.